ज्ञान नोंदवणाऱ्यांनो, शिकणाऱ्यांचीही नोंद घ्या

प्रति,
पारंपरिक निसर्गज्ञानाच्या नोंदणीचे आणि जतनाचे प्रकल्प आखणाऱ्या, त्यांना निधी देणाऱ्या व त्यांचे मूल्यमापन करणाऱ्या सर्व संस्थांस,

सविनय नमस्कार.

आपल्या कामाविषयी मनात आदर ठेवूनच हे पत्र लिहीत आहे. वनस्पतींचे गुण, माशांच्या विणीचे काळ, पावसाच्या खुणा, वाऱ्यांचे आणि मातीचे प्रकार अशी जी माहिती जाणत्यांच्या तोंडी होती, तिची गेल्या काही दशकांत जेवढी पद्धतशीर नोंद झाली तेवढी त्याआधी क्वचितच झाली असेल. तरीही असे अहवाल एकामागून एक वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहते. माहिती देणाऱ्याचे वय प्रत्येक अहवालात असते आणि बहुतेक वेळा ते साठीच्या पुढचे असते. परंतु त्याच्याकडून ती माहिती पुढे कोणी घेतली, घेणाऱ्याचे वय काय, तो ती वापरतो की नुसती सांगतो, यासाठी रकानाच नसतो. ज्ञान लोप पावत आहे हे वाक्य प्रस्तावनेत हमखास येते आणि त्याला पुरावा म्हणून जाणत्याचे वय पुढे केले जाते. वास्तविक जाणता माणूस वयस्कर असतो यात नवल ते काय? पन्नास वर्षांपूर्वीचे जाणतेही वयस्करच होते. ज्ञान पुढे जाते आहे की नाही हे कळायचे तर त्या जाणत्याच्या आसपास वावरणाऱ्या दहा वर्षांच्या पोराकडे पाहावे लागते, आणि आपल्या चित्रीकरणात नेमके तेच पोर चौकटीबाहेर राहते.

माझी विनंती एवढीच आहे की आपल्या प्रकल्पांचे यश नोंदींच्या संख्येवरून न ठरवता ज्ञान घेणाऱ्या पिढीवरून ठरवावे. त्यामागची कारणे पुढे मांडत आहे.

मुलांकडे पाहिल्यावर चित्र कसे बदलते याचे एक चांगले उदाहरण मेक्सिकोतल्या चियापास राज्यात मिळते. तेथील तेनेहापा भागातल्या त्सेल्ताल माया मुलांना वनस्पतींची नावे किती येतात, याचा ब्रायन स्ट्रॉस यांनी केलेला अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. पद्धत अगदी साधी होती. एका ठरलेल्या पायवाटेने मुलाला सोबत न्यायचे आणि वाटेतल्या एकेका झाडाझुडपापाशी थांबून त्याचे नाव विचारायचे. सुमारे तीस वर्षांनी रेबेका झार्गर आणि रिक स्टेप यांनी त्याच भागात तशीच पाहणी पुन्हा केली. मधल्या काळात तिथले समाजकारण, अर्थकारण आणि परिसर यांत पुष्कळ फरक पडला होता, त्यामुळे मुलांची माहिती घटलेली दिसेल असा कोणाचाही अंदाज असता. प्रत्यक्षात दोन पिढ्यांमधल्या मुलांच्या माहितीत लक्षणीय फरक आढळला नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आधुनिक जग आले म्हणजे जुने ज्ञान आपोआप जाते, ही आपल्या बहुतेक प्रस्तावांत गृहीत धरलेली गोष्ट त्याने प्रश्नांकित केली. मुले अजूनही घराभोवतीच्या हिरवाईत दिवस घालवत असतील, मोठ्या भावंडांमागून हिंडत असतील, तर नावे त्यांच्या कानांवर पडतच राहतात.

भावंडांचा उल्लेख मुद्दाम केला. पारंपरिक ज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आजोबा आणि नातू अशीच जोडी येते, आणि प्रकल्पही त्याच जोडीभोवती बेतले जातात. मध्य आफ्रिकेतील आका लोकांमध्ये बॅरी ह्यूलेट आणि लुइगी काव्हाली-स्फोर्झा यांनी पन्नास कौशल्यांविषयी विचारणा केली, तेव्हा सुमारे ८० टक्के कौशल्ये आईवडिलांकडून आल्याचे लोकांनी सांगितले. १९८६ सालचा हा अभ्यास आजही वारंवार उद्धृत होतो. आईवडिलांचा वाटा मोठा असणार हे उघडच आहे. तथापि, हे कोणी शिकवले असे विचारले की माणूस मानाने आईबापाचेच नाव घेतो. झाडावर चढताना खालून ओरडून कोणती फांदी कच्ची आहे ते सांगणारी थोरली बहीण त्याला त्या वेळी आठवत नाही, असा माझा तर्क आहे. घेणाऱ्या पिढीची नोंद करायची तर ही बहीणही नोंदीत यायला हवी.

अर्थात नाव सांगता येणे म्हणजे काम करता येणे नव्हे, आणि येथे चित्र बरेच काळजीचे होते. कॅनडाच्या उपध्रुवीय भागातील मूस फॅक्टरी आणि पीवानक या, क्री नावाच्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांमधील स्त्रियांकडे रानातली कोणकोणती कामे पिढ्यान्पिढ्या आली, याचा कायो ओमागारी आणि फिक्रेत बर्केस यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी केवळ माहिती आहे का असे न विचारता, पाहिले आहे का, हाताखाली केले आहे का, स्वतःच्या हाताने करता येते का, अशा पायऱ्या पाडून विचारले. हाताने करून शिकण्याच्या पायरीपर्यंत जेमतेम निम्मी कामे पोचत होती. मासेमारीशी संबंधित कामे आणि रानातल्या मुक्कामावरची रोजची कामे बऱ्यापैकी टिकली होती. कातडी कमावणे आणि फर तयार करणे यांसारखी कामे मात्र मागे पडली होती.

कातडी कमावण्याच्या कामाकडे थोडे जवळून पाहू. मूस या मोठ्या हरणाचे कातडे आधी खरवडून मांस आणि केस काढायचे, प्राण्याच्याच मेंदूने ते चोळायचे, ओढून ताणून मऊ करायचे आणि शेवटी कुजक्या लाकडाच्या धुरावर धरायचे. आपल्या तक्त्यात ही प्रक्रिया चार ओळींत बसते आणि त्या चारही ओळी बरोबर असतात. पण लाकूड कितपत कुजलेले हवे, ते बोटांत चुरगळले की कसे लागले पाहिजे, धूर केव्हा जाळात बदलू पाहतो आणि त्या क्षणी काय करायचे, कातडे अजून ओढायला हवे की आता पुरे, हे ओळींत येत नाही. ते एक-दोन कातडी बिघडवल्यावरच येते. म्हणजे शिकणाऱ्याजवळ बिघडवायला कातडे हवे, अनेक दिवसांचा सलग वेळ हवा आणि बिघडले तरी न रागावणारी बाई शेजारी हवी. मासे साफ करणे सुट्टीच्या दिवशी उरकते, कातडे उरकत नाही. दोन कामांच्या नशिबातला फरक बऱ्याच अंशी यातून आला असावा असे मला वाटते. अभ्यासकांनी कारणे सांगितली तीही याच दिशेची आहेत : रानात घालवायला मिळणारा वेळ घटला, शिक्षणाचे वातावरण बदलले, मूल्ये बदलली आणि मोठ्या वयात ही कामे शिकणे अवघड जाऊ लागले. शेवटचे कारण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. आपले प्रशिक्षणवर्ग बहुधा अठरा वर्षांपुढच्यांसाठी असतात, कारण लहान मुलांसाठी परवानग्यांची कटकट असते. परंतु हात आणि डोळा घडण्याचे वय तोवर बरेचसे उलटून गेलेले असते.

प्रशांत महासागरातील सातावाल बेटावर १९३२ साली जन्मलेल्या माऊ पियाइलुग यांची कथा याच संदर्भात पाहावी. त्यांच्या आजोबांनी त्यांना तान्हेपणीच नाविक म्हणून निवडले आणि समुद्राची हालचाल अंगात मुरावी म्हणून भरतीच्या पाण्याच्या डबक्यांत ठेवले. पुढे चटईवर खडे गोलाकार मांडून ताऱ्यांच्या उगवतीमावळतीच्या बत्तीस दिशा शिकवण्याची तिथली रीत होती. दिवसा जमिनीवर खडे, रात्री तेच तारे आणि नावेच्या तळाशी अंगाखाली जाणवणाऱ्या लाटा, असे तिन्ही मिळून ते शिक्षण पुरे होत असे. १९७६ साली कोणतेही उपकरण न वापरता त्यांनी होकुलेआ ही दुहेरी नाव हवाईहून ताहितीला नेली आणि पूर्वीच्या लोकांचे असे प्रवास केवळ योगायोगाने झाले असतील असे म्हणणाऱ्यांना उत्तर मिळाले. मला मात्र पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. स्वतःच्या बेटावरची तरुण मुले शिकायला फारशी उत्सुक नाहीत हे पाहून माऊंनी ही विद्या बाहेरच्यांना, म्हणजे हवाईच्या लोकांना शिकवली, त्यासाठी टीकाही सोसली. त्यांचे शिष्य नैनोआ थॉम्पसन यांनी १९८० साली तोच प्रवास स्वतः दिशा काढत केला. २००७ साली माऊंनी सातावालवर विधिपूर्वक या शिष्यांना नाविकांच्या परंपरेत सामावून घेतले. तीन वर्षांनी ते वारले. त्यांच्या ज्ञानाच्या ध्वनिफिती आणि चित्रफिती आहेत, पुस्तके आहेत, आणि ती उपयोगाचीही आहेत. पण आज खोल समुद्रात ज्या नावा त्या पद्धतीने जातात, त्या शिष्य तयार झाले म्हणून जातात.

माझ्या म्हणण्याला छेद देणारे एक उदाहरणही येथे दिले पाहिजे. सगळेच ज्ञान हाताने काम करून पुढे जाते असे नाही. काही नुसते सांगून, गाऊनही जाते. इंडोनेशियातील सिमेउलुए बेटाला १९०७ साली त्सुनामीचा तडाखा बसला आणि पुष्कळ माणसे गेली. त्यानंतर तेथे गोष्टींतून, गाण्यांतून आणि अंगाईतूनही एक सूचना मुलांना मिळत राहिली : जोराचा भूकंप झाला आणि मागोमाग समुद्र ओसरला तर काही न पाहता टेकडीकडे पळा. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपाचे केंद्र या बेटाच्या अगदी जवळ होते. लाट यायला जेमतेम काही मिनिटे होती, कोणतीही अधिकृत धोक्याची सूचना आली नाही. सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर सात मृत्यूंची नोंद झाली, तर जवळच्याच मुख्य बेटावर आचे प्रांतात दीड लाखाहून अधिक माणसे दगावली.

सुमारे शंभर वर्षांत ती सूचना एकदाही वापरावी लागली नव्हती आणि तरीही ती टिकली. का टिकली असावी? ती छोटी होती, गाता येत होती, आणि ती कोणा एका जाणत्याची मिरास नव्हती. ती घराघरांत मुलांना सांगितली जात होती. म्हणजे कोणते ज्ञान गाण्यात मावते, कोणते कामातच शिकावे लागते, कोणते मोजक्या निवडलेल्यांकडेच असते, हे आधी वेगळे करायला हवे. आपल्या अर्जांत या तिन्हींसाठी एकच 'दस्तऐवजीकरण' असते. मूस कातड्याचे गाणे करून भागणार नाही आणि त्सुनामीच्या सूचनेसाठी दहा वर्षांची उमेदवारी लागत नाही.

आता एक अवघड मुद्दा. ज्ञान पुढे जायचे तर ते वापरण्याची मुभा हवी, आणि ती मुभा अनेकदा आपल्याच शेजारच्या खात्याने काढून घेतलेली असते. एक विभाग जंगलातील औषधी वनस्पतींचे ज्ञान नोंदवतो आणि दुसरा विभाग त्याच जंगलात मुळी खणायला बंदी घालतो, ही विसंगती जगात अनेक ठिकाणी आढळते. बंदीला कधी कधी सबळ कारण असते, हे मी नाकारत नाही. पण त्या बंदीने एका पिढीचे शिक्षण थांबले याची नोंद कोणाच्याच कागदावर होत नाही. आगीच्या ज्ञानाचे असेच झाले. उत्तर ऑस्ट्रेलियातील पश्चिम आर्न्हेम लँडच्या पठारावरून मूळ रहिवासी विसाव्या शतकात मिशन वसाहतींकडे आणि गावांकडे गेले, कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला ठिकठिकाणी लहान आगी लावण्याची त्यांची पद्धत तेथे थांबली आणि ऋतूच्या अखेरीस लागणाऱ्या मोठ्या वणव्यांनी ती जागा घेतली. पुढे लोक आपल्या भूमीवर परतू लागले आणि २००६ साली सुमारे २८,००० चौरस किलोमीटर क्षेत्रावर आग व्यवस्थापनाचा करार झाला. लवकर लावलेल्या आगींमुळे वणव्यांतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटते, म्हणून त्याचा मोबदला एक ऊर्जा प्रकल्प देऊ लागला. वडीलधाऱ्यांसोबत तरुण रेंजर कामाला लागले, आणि २०१५ पासून त्याच पठारावर काबुलवर्नाम्यो येथे मुलांची द्विभाषिक शाळाही चालू झाली. तेथे काही आगी हेलिकॉप्टरमधून लावल्या जातात. त्यामुळे ज्ञान अस्सल राहिले नाही असे कोणी म्हणत असेल तर म्हणो बापडे. कोणत्या वाऱ्यात, किती दव असताना, कोणत्या गवताला आग द्यायची हे ठरवणारा डोळा तोच आहे, आणि आता त्याला रोजचे काम मिळाले आहे.

मुभेइतकीच भाषेची गोष्ट आहे. रोड्रिगो कामारा-लेरेत आणि जोर्डी बास्कोम्प्ते यांनी उत्तर अमेरिका, वायव्य ॲमेझॉन आणि न्यू गिनी येथील २३६ भाषांतील औषधी वनस्पतींच्या १२,४९५ उपयोगांची तपासणी केली. त्यांतील ७५ टक्क्यांहून अधिक उपयोग केवळ एकाच भाषेत माहीत असल्याचे त्यांना २०२१ साली दिसून आले. मुलाशी आजी ज्या भाषेत बोलते ती शाळेने बाहेर ठेवली, तर त्या माहितीला दुसऱ्या भाषेत जाण्याची वाट बहुधा मिळत नाही.

आणखी एक प्रकारचे ज्ञान आपल्या तक्त्यांतून संपूर्ण निसटते, ते म्हणजे पूर्वी काय आणि किती होते याचे. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली मांडले की प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातला निसर्ग हाच मूळचा निसर्ग धरून चालते. कॅलिफोर्नियाच्या आखातात तीन पिढ्यांच्या मच्छीमारांशी बोलून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले : पूर्वी मुबलक असलेल्या पण आता घटलेल्या प्रजातींची नावे म्हाताऱ्या मच्छीमारांनी तरुणांच्या पाचपट सांगितली, आणि मासेमारीच्या तशा जागा चौपट. एकाच किनाऱ्यावर, एकाच धंद्यात, कदाचित एकाच घरात राहूनही हे पुढे गेले नाही. जाळे कसे टाकायचे ते बापाने शिकवले असेल. पण जो मासा आता येतच नाही त्याच्याविषयी सांगायची वेळ येत नाही. येथे मात्र आपली नोंदवही खरोखर उपयोगी पडते, कारण या ज्ञानाला निसर्गात आता प्रसंगच उरलेला नाही.

म्हणून नोंदी नकोत असे माझे म्हणणे मुळीच नाही. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते जुने लिखित पुरावे पुढे ठेवता आले म्हणून. अशा बचावासाठी कागदच लागतो. पण बचावाचा कागद आणि वारशाचा कागद एकच समजण्याची गल्लत होते तेव्हा काय घडते, हे भारतातील लोक जैवविविधता नोंदवह्यांवरून, म्हणजे गावोगावच्या जैवसंपदेच्या आणि तिच्याविषयीच्या ज्ञानाच्या नोंदींवरून दिसले. २००२ च्या कायद्याने आणि २००४ च्या नियमांनी त्यांची तरतूद झाली, कल्पना उत्तम होती. बरीच वर्षे काम रेंगाळले. मग २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घालून दिली, मुदत चुकल्यास राज्यांना दंड ठेवला, आणि नोंदवह्यांची संख्या पाहता पाहता लाखांवर गेली. घाईत भरलेली नोंदवही गावातल्या मुलांनी पायवाटेवर हिंडून भरली, की कोणी शेजारच्या गावाच्या वहीतून उतरवून घेतली, हे त्या आकड्यातून कळत नाही. मुलांनी भरली असती तर तो वेळ हेच शिक्षण झाले असते.

माझी मागणी नवी नाही, हे आपणच जाणता. युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त वारशाविषयीच्या करारात जतनाच्या व्याख्येतच वारसा पुढे देण्याचा स्पष्ट समावेश आहे. जैवविविधता करारान्वये पारंपरिक ज्ञानासाठी जे निर्देशक स्वीकारले गेले, त्यांत भाषांची स्थिती, जमिनीवरील हक्क आणि पारंपरिक व्यवसाय चालू आहेत की नाहीत, हे आहे. गोळा केलेल्या नोंदींची संख्या तेथे निर्देशक म्हणून नाही. मग निधीच्या अर्जात आणि अंतिम अहवालात ती पहिल्या पानावर कशी येते?

तेव्हा प्रत्येक नोंदीसोबत, जाणत्याच्या आणि घरच्यांच्या संमतीने, घेणाऱ्याची नोंदही व्हावी : कोण, किती वर्षांचा, त्याने नुसते ऐकले आहे, पाहिले आहे की हाताने केले आहे. ते काम त्या जागी शेवटचे कधी झाले आणि आज ते करण्यास कायद्याने मुभा आहे का, हेही लिहिले जावे. काही ज्ञान सर्वांसाठी नसते. ते कोणाला द्यायचे हे जाणत्याने ठरवावे आणि त्याने नाही म्हटले तर रकाना कोरा राहू द्यावा. निधीतला एक भाग चित्रीकरणाच्या सामग्रीऐवजी मुलाच्या आणि जाणत्याच्या सोबतीच्या दिवसांसाठी, म्हणजे बुडालेल्या मजुरीसाठी, प्रवासासाठी आणि बिघडणाऱ्या कातड्यासाठी खर्च व्हावा. शाळांशी बोलून, ज्या हंगामात ते काम चालते त्या हंगामात मुलांना मोकळीक मिळावी. आणि पाच वर्षांनी तेनेहापाच्या अभ्यासकांप्रमाणे त्याच पायवाटेवर परत जाऊन त्या वेळच्या मुलांना तेच प्रश्न विचारावेत. ही दुसरी फेरी पहिल्याच अंदाजपत्रकात धरावी, कारण प्रकल्प संपल्यावर तिच्यासाठी वेगळा निधी मिळत नाही, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

कळावे,
आपल्या अहवालांचा एक नियमित वाचक